नथवालीचा घास

"मासे हाईत का न्हाईत, तेवढंच सांगा, हौसाकाकू. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

यात्रा कमिटीचे अध्यक्ष जोतीराम अण्णा देवळाच्या कट्ट्यावर मांडी ठोकून बसले होते आणि माझ्या सासूबाई त्यांच्यासमोर फरशीवर उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे, पदराचं टोक दातात धरून. मर्यादा म्हणून नव्हे. पदर सोडला असता तर तोंडातून काय बाहेर पडलं असतं, याचा मला भरवसा नव्हता.

"हाईत की," आत्याबाई म्हणाल्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.

"मंग येत का न्हाईत?"

कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या चुलत जाऊ, सुंद्राबाई, बसल्या होत्या. त्यांनी उगाच खाकरून घेतलं. सुंद्राबाईंचा घसा चांगला आहे हे सगळ्या गावाला माहीत असावं, अशी त्यांची फार इच्छा होती.

आमच्या डोहवाडीला नदी वळण घेते तिथं आईचा डोह आहे. आई म्हणजे डोहाई, आमची ग्रामदेवता, आणि डोहातले मासे म्हणजे तिच्या लेकी. त्यांना कुणी धरत नाही, दगड मारत नाही. चैत्रातल्या यात्रेला आमच्या गुरवांच्या घरातली वडीलधारी बाई पायरीवर उभी राहून त्यांना हाक मारते, नांदायला गेलेल्या पोरींना माहेरी बोलवावं तशी. हाक ऐकून मासे वर येतात आणि तिच्या ओंजळीतले चिरमुरे खातात. याला घास म्हणतात. घास झाल्याशिवाय पालखी जागची हलत नाही.

गेली दोन वर्षं हे बिनसलं होतं. आदल्या वर्षी आत्याबाईंनी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, तरी पाण्यावर साधा बुडबुडा आला नाही. शेवटी घासाशिवाय पालखी उचलावी लागली. त्या उन्हाळ्यात गावात गोवर आला, दोन पोरं गेली, आणि खापर फुटलं ते आत्याबाईंच्या डोक्यावर. हौसाचा आवाज आटला. हौसाच्या हातून काहीतरी चुकलं. देवीचं मन उडालं. बायका पाणवठ्यावर आम्हाला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात बोलायच्या.

"औंदा घास झाला न्हाई," अण्णा म्हणाले, "तर मान सुंद्राकाकूंच्या घरात जाईल. माझं म्हननं न्हाई हे, गावाचं हाय. मला वाईट वाटतं, पन गाव म्हंजी गाव."

आत्याबाईंच्या मानेवरची शीर हलली. नवरा गेल्यापासून या बाईकडे स्वतःचं म्हणावं असं काहीच नव्हतं. घर मुलाचं, रान भावकीच्या वादात. वर्षातून एकदा त्या पायरीवर उभ्या राहायच्या आणि सगळं गाव श्वास धरून त्यांच्या आवाजाची वाट बघायचं, एवढंच त्यांचं होतं. ते गेलं असतं तर त्या जगल्या असत्या, माणसं जगतातच, पण आमच्या आत्याबाई म्हणून जगल्या नसत्या.

म्हणून त्यांनी ते सांगितलं. एरवी त्यांनी ते कधीच सांगितलं नसतं.

"मासं हाईत, आण्णा. पन पायरीकडं येत न्हाईत. नदीचं पानी त्यास्नी सोसंना झालंय. त्या समद्या पल्याड झऱ्याच्या तोंडाला जाऊन बसत्यात, उंबराखाली. तितलं पानी ग्वाड हाय. रोज सकाळी मी थितंच जाऊन घालते खायाला."

अण्णांचा चेहरा उजळला. वाईट माणूस नव्हते ते, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. आत्याबाईंचा मान राहावा असं त्यांनाही मनापासून वाटत होतं.

"हात्तिच्या! मग सोपंच हाय की," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याबाईंबरोबर झऱ्यावर गेले. डोहाच्या पल्याडच्या काठाला उंबराच्या मुळातून पाण्याची एक धार येते. उन्हाळ्यात ती करंगळीएवढी होते, पण आटत नाही. त्या धारेच्या तोंडाशी मासे एकमेकांना खेटून उभे होते, सगळ्यांची तोंडं धारेकडे. यात्रेतल्या एकुलत्या एका नळावर बायकांची दाटी व्हावी तशी. हात हात लांबीचे मासे, पाठीवर सोनेरी खवले. आत्याबाई पाण्यात गुडघाभर उतरल्या की ते त्यांच्या पायांना घासून जायचे.

"ये गं, नथवाले," त्या म्हणाल्या. "आधी तू खा. न्हाईतर ह्या ढालगज काय ठेवत न्हाईत तुला."

नथवाली सगळ्यांत थोरली. फार पूर्वी कुण्या बाहेरच्या माणसानं डोहात गळ टाकला होता. तो तिच्या ओठात रुतला आणि दोरी तुटली. गळाचं वळण तसंच ओठाला राहिलं, गंजून काळं झालं. बघणाऱ्याला वाटावं, नथच घातली आहे. माणसानं असं करूनही ती माणसाच्या हातातून खायची. आत्याबाई चिरमुऱ्यांची ओंजळ पाण्याला टेकवायच्या आणि नथवाली अलगद ओठ लावायची. मला त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा तसं करायला लावलं. तळहाताला तो गळ लागला, गार आणि खरखरीत. मी हात मागे घेतला तशा आत्याबाई हसल्या.

"भिऊ नगंस. तीबी कुनाची तरी सूनच हाय," त्या म्हणाल्या.

त्या तेव्हा इतक्या मोकळ्या हसल्या की, त्यांना एवढ्या आनंदात मी घरात कधी पाहिलं नव्हतं. परत येताना नदीच्या अंगानं वास आला, कुजलेल्या गुळासारखा. वरच्या अंगाला कारखाना झाल्यापासून तो वास अधूनमधून यायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती. सवय ही मोठी वाईट गोष्ट आहे. नाक आपलंच असतं, पण ते आपल्याला काही सांगेनासं होतं.

यात्रेच्या आदल्या दिवशी अण्णा दहा-बारा माणसं, बांबू आणि हिरव्या जाळीचा मोठा गुंडाळा घेऊन डोहावर आले. रोपवाटिकेवर सावलीसाठी बांधतात ती जाळी. बेत असा होता की काठ्या आपटून, डबे वाजवून मासे झऱ्यापासून पायरीकडे हाकलायचे आणि ते परत जाऊ नयेत म्हणून मध्ये जाळी लावायची.

"डोहात जाळं?" आत्याबाई जागच्या जागी थिजल्या. "आण्णा, आईच्या डोहात कंदी कुनी जाळं घातलं न्हाई."

"मासं धरायचं जाळं न्हवं, काकू. आडोसा हाय ह्यो. उद्या घास झाला, पालखी उठली, की लगीच काढायची. माझा शब्द."

"त्यास्नी तितलंच पानी सोसतं रं."

"एका दिसात काय हुतंय? आन् मी हे कुनासाठी करतोय? तुमच्यासाठीच न्हवं?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? लग्नाला चार वर्षं झालेली सून मी. माझे मालक मांडवाच्या कामात होते आणि मांडवाची कापडं कारखान्यानं पाठवली होती म्हणून खुशीत होते. आत्याबाई उंबराखाली बसून राहिल्या. माणसांनी डबे वाजवले, काठ्या आपटल्या, मासे बिचकून एकमेकांवर आदळत पायरीकडे निघाले. बांबू रोवले गेले. जाळीला खालून दगड लावले.

"एका दिसाचंच हाय, बायांनो," आत्याबाई पाण्याकडे बघून म्हणाल्या. "म्हायारला आलासा म्हना."

यात्रेच्या दिवशी पायरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. लग्न होऊन गेलेल्या गावच्या लेकी लेकरं काखेत घेऊन आल्या होत्या. हलगी कडाडत होती, नारळ फुटत होते, गुलाल इतका उधळला होता की पाणी, पायऱ्या आणि माणसं एकाच रंगाची झाली होती. ऊन जरा कललं तेव्हा आत्याबाई देवीच्या मानाचं हिरवं लुगडं नेसून (त्या एका दिवसापुरतं ते विधवेलाही चालतं), ओटीत चिरमुरे घेऊन शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या. मी त्यांच्या शेजारी, गुळाचं ताट घेऊन. पाठीमागे पालखीला खांदे लागले होते. पुढचा खांदा माझ्या मालकांचा. एकदा खांदा लागला की पालखी गावात पोचेपर्यंत खाली टेकवायची नाही, ही रीत.

हलगी थांबली. एवढी माणसं, पण लेकरू रडायचा आवाज तेवढा येत होता. आत्याबाईंनी हाकेसाठी छाती भरून घेतली.

आणि हाक मारायच्या आधीच मासे वर आले.

एक नाही, दोन नाही, सगळा डोह तोंडांनी भरला. गोल उघडी तोंडं, पाण्याच्या वर आलेली, उघडत होती आणि मिटत होती. थोरले मासे पायरीला येऊन टेकले होते. लहान त्यांच्या पाठीवर चढत होते. कुणी आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. मग असा आवाज उठला की उंबरावरचे बगळे उडाले.

"डोहाईच्या नावानं चांगभलं!"

"न बोलवता आल्या! न बोलवता!"

सुंद्राबाईंनीसुद्धा हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की सुंद्राबाईंकडे वळून एकदा बघून घेतलंच. जिरली, असं मनात म्हटलंसुद्धा.

आत्याबाई वाकल्या. त्यांनी ओंजळ पाण्याला टेकवली. समोर नथवालीच होती, अगदी हाताजवळ, ओठातली नथ पाण्याच्या वर. चिरमुरे तिच्या उघड्या तोंडाजवळून वाहून गेले. आत्याबाईंनी परत ओंजळ भरली. परत वाहून गेले. वरून लोक मुठी मुठी चिरमुरे टाकत होते. ते माशांच्या डोक्यांवर, डोळ्यांवर पडत होते आणि एकही मासा तोंड मिटून गिळत नव्हता.

"मालन," आत्याबाई हळूच म्हणाल्या, "ह्या खात न्हाईत गं."

"बुजल्या असतील, आत्याबाई. केवढी गर्दी आहे."

"खात न्हाईत." त्यांनी हात पाण्यात बुडवला, नाकाशी नेला आणि माझ्यापुढे धरला. गुलाल, धूप, नारळाचं पाणी या सगळ्यांच्या खालून तो वास आला. कुजलेला गूळ. पण रोजच्यासारखा नव्हे, डोकं भणाणून सोडणारा. कारखान्याचा हंगाम त्याच आठवड्यात संपला होता. हंगाम संपला की टाक्या धुतात आणि ते धुवण नदीत सोडतात हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की पायरीपाशी लाल दिसणारं पाणी सगळंच गुलालानं लाल झालेलं नव्हतं.

"ह्या मला भेटाया आल्या न्हाईत," आत्याबाई म्हणाल्या. "ह्यास्नी दम लागलाय. वारं खायाला वर आल्यात ह्या."

मग त्या ओरडल्या. हाकेसाठी छातीत भरून घेतलेला तो सगळा आवाज त्यांनी त्यासाठी लावला.

"जाळी काढा! आरं, जाळी काढा! मरत्यात माझ्या लेकी!"

आणि त्या लुगड्यासकट पाण्यात उतरल्या. कमरेइतक्या पाण्यात, हातांनी मासे बाजूला करत, जाळीच्या दिशेनं. अंबाडा सुटला, केस मोकळे झाले.

मागे कुणीतरी म्हणालं, "अंगात आलं."

बस. तेवढे दोन शब्द पुरले. हलगीवाल्यांनी हलगी हाणायला सुरुवात केली. अंगात आल्यावर वाजवायचं थांबवत नाहीत, उलट चढवतात. चार बायका पाण्यात उतरल्या आणि त्यांनी आत्याबाईंना दोन्ही दंडांना धरलं, प्रेमानंच, देवीला धरतात तसं. एकीनं त्यांच्या कपाळावर मूठभर कुंकू फासलं. ते डोळ्यांत गेलं. आत्याबाई मान झटकायला लागल्या तशी गर्दी आणखी जोरानं "चांगभलं" ओरडली.

"सोडा! सोडा मला! पानी पायजे त्यास्नी, चांगलं पानी!"

"आई पानी मागती!"

कुणीतरी तांब्याभर पाणी आणून त्यांच्या डोक्यावर ओतलं.

मी ताट टाकून अण्णांकडे धावले. "अण्णा, आत्याबाईंच्या अंगात काही आलेलं नाही. पाण्याचा वास बघा. मासे मरायला लागलेत. जाळी काढायला सांगा, त्या झऱ्याकडे जातील."

अण्णांनी खाली पाहिलं. त्यांना वास आला होता. माझी खात्री आहे, त्यांना तो आला होता, कारण त्यांचं नाक आक्रसलं. पण मागे हजार माणसं उभी होती.

"काढतो, पोरी. लगीच काढतो. आधी घास हुंदे. आत्ता जाळी काढली आन् मासं गेलं तर? पालखी खोळंबलीया बघ."

"त्या खात नाहीत, अण्णा!"

"मी बघतो."

ते पायऱ्या उतरले, पाण्यात उतरले. बायकांनी धरलेल्या आत्याबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. "आई, राग धरू नगंस. समदं तुझ्या मनासारखं करतो," असं म्हणाले. आत्याबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओरडून ओरडून त्यांचा आवाज फाटला होता.

"आण्णा, मी हौसा हाय," त्या म्हणाल्या. "हौसा हाय रं मी. आई न्हवं."

त्यावर अण्णांनी आणखी वाकून नमस्कार केला.

मग त्यांनी आत्याबाईंच्या ओटीतले चिरमुरे चिमूटभर घेतले आणि समोर पायरीला टेकलेल्या नथवालीच्या उघड्या तोंडात बोटांनी घातले. हात वर केला.

"घास झाला!"

शिंग वाजलं. पालखी हलली. मी गर्दीतून वाट काढत माझ्या मालकांच्या नावानं ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या गावासमोर नावानं. "यशवंत! अहो, यशवंत! पालखी सोडा आणि इकडे या!" त्यांनी वळून पाहिलं. त्यांना आईही दिसली आणि मीही. पण खांद्यावर दांडी होती, मागून माणसं ढकलत होती. त्यांचे ओठ हलले, पण हलगीत काही ऐकू आलं नाही. पालखी निघून गेली. आणि देवी ज्या बाईच्या अंगात येते, ती पालखीपुढे चालते. आत्याबाईंच्या गळ्यात हार घातला आणि दोन्ही बाजूंनी धरून त्यांना नेलं. त्या शेवटपर्यंत मागे वळून डोहाकडे बघत होत्या.

इतक्या लवकर एवढी माणसं कशी गेली, मला कळलं नाही. डोहावर मी एकटी, आणि एक नारळवाला आपल्या नारळांची पोती आवरत बसलेला. मी त्याचा कोयता मागितला. बिचाऱ्यानं दिला. मी पाण्यात उतरले, जाळी वरपासून खालपर्यंत फाडली, दोन्ही हातांनी ओढून बाजूला केली.

कुणीही गेलं नाही. वाट मोकळी होती, झरा समोर दिसत होता आणि त्यांच्यात पोहण्याची ताकद नव्हती. मी एकेकीला उचलून न्यायला लागले. जड होत्या, बुळबुळीत, आणि धडधाकट मासा हातातून निसटतो तशा निसटत नव्हत्या. झऱ्याची धार करंगळीएवढी. तिथं दोन मासे ठेवले की तिसऱ्याला जागा नाही. मी कळशी शोधली, देवळाच्या विहिरीचं पाणी शेंदून आणलं आणि डोहात ओतलं. डोहात कळशी ओतली! मला तेव्हा वेड लागलं होतं, दुसरं काय? पण काहीतरी केल्याशिवाय तिथं उभं राहणं मला जमत नव्हतं.

नथवाली पायरीपाशी आडवी झाली होती. तिच्या तोंडातून अण्णांनी घातलेले चिरमुरे बाहेर आले होते, जसेच्या तसे, कोरडे वाटावेत इतके पांढरे. मी तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि झऱ्याच्या अगदी तोंडाला लावलं. कल्ले हलत होते. हळूहळू, पण हलत होते. "हल गं बाई," मी म्हणत होते, "हल." मग दुसरीला आणायला वळले. परत आले तेव्हा नथवाली तिथं नव्हती. खाली बुडाली, की प्रवाहात गेली, की पोहत गेली, देव जाणे.

दिवस मावळताना आत्याबाई परत आल्या. गळ्यात हार तसाच होता, कपाळ कुंकवानं भरलेलं, डोळे सुजून लाल झालेले. मागे यशवंत, मान खाली घालून. पाण्यावर पांढरी पोटं दिसत होती, काठापासून काठापर्यंत. आत्याबाई पाण्यात बसल्या आणि एकेक मासा उलटा करून बघायला लागल्या. ओठ बघायच्या आणि सोडून द्यायच्या. मी आणि यशवंतही बघायला लागलो. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं माशांचे ओठ बघत होतो.

"न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. एवढंच.

पुढचं सगळं पटापट झालं. तालुक्याहून माणूस आला, बाटलीत पाणी भरून घेऊन गेला. बाटली गेली ती गेली. गावात कुणी ते मासे खाल्ले नाहीत, एवढं गावाच्या बाजूनं सांगायला हवं. माळावर मोठा खड्डा काढून पुरले आणि वर गुलाल टाकला. अण्णांनी देवळात सांगितलं की आईनं शेवटचं दर्शन देऊन आपल्या लेकी आपल्यापाशी नेल्या. लोकांना ते पटलं. दुसरं जे खरं होतं ते पटवून घेऊन लोक करणार काय होते? त्याच कारखान्यावर निम्म्या गावाचा ऊस जायचा, आमचासुद्धा.

आत्याबाईंचा मान राहिला. नुसता राहिला नाही, वाढला. लांबलांबून बायका येऊन त्यांच्या पाया पडायच्या, मूल होईल का विचारायच्या. त्या पाय पोटाशी ओढून घ्यायच्या. सुंद्राबाई पाणवठ्यावर आता आमच्याबद्दल चांगलं बोलायच्या, आणि ते ऐकणं आधीच्यापेक्षा अवघड होतं.

आता आत्याबाई नाहीत. मान माझ्याकडे आला त्यालाही खूप वर्षं झाली. दर चैत्रात मी हिरवं लुगडं नेसून शेवटच्या पायरीवर उभी राहते, ओटीत चिरमुरे घेते आणि तोंड उघडत नाही. थोडा वेळ सगळं गाव गप्प राहतं, मग शिंग वाजतं. नव्या पोरांना वाटतं ही मुळातलीच रीत आहे, आमच्या घरात हाक मनातल्या मनात मारतात. माझी सूनही मला परवा हेच विचारत होती. म्हणून हे सगळं लिहायला बसले.

ही रीत आत्याबाईंची. त्या यात्रेनंतरच्या पहिल्या चैत्रात गाव असंच श्वास धरून उभं होतं. डोहात पावसाळ्यानं नवं पाणी आणलं होतं आणि पुन्हा तोच गुळाचा वास यायला लागला होता. आत्याबाईंनी छाती भरून घेतली. त्यांचे ओठ उघडलेलेसुद्धा मी पाहिले. मग त्यांनी पदराचा बोळा तोंडावर दाबला आणि तशाच उभ्या राहिल्या. अण्णा दोनदा म्हणाले, "मारा की हाक, काकू." त्यांनी मान हलवली. शेवटी पालखी तशीच निघाली.

घरी आल्यावर मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "आत्याबाई, का नाही मारली हाक? डोहात आता आहे कोण? मारली असती तर कुणाचं काय गेलं असतं?"

त्यांनी ओटी सोडली. चिरमुरे जमिनीवर सांडले, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"नथवाली गावली न्हवती, मालन," त्या म्हणाल्या. "मी हाक मारली असती, आन् ती आली असती तर?"